थोरली, धाकटी आणि पंक्तिप्रपंच

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डोक्याची डावी बाजू एका न्हाव्यानं आणि उजवी बाजू दुसऱ्यानं कापलेली होती.

मी साताऱ्याहून सांगलीच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरच्या मुलाखतीला आलो होतो. अंगात थोरल्या भावाचा कोट, हातात सेकंड क्लासचं सर्टिफिकेट, आणि समोर पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख. डावीकडून पाहावं तर पलटणीतून सुट्टीवर आलेला जवान, उजवीकडून पाहावं तर नाटक कंपनीतला नट. हसू दाबायला मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"बघा, बघा," सर म्हणाले. "बघण्यासाठीच ठेवलंय. स्टँडजवळचा न्हावी बरा की घाटाजवळचा? डोकं एकच, दिवस एकच. आता वाढू द्यायचं आणि कुठली बाजू आधी बिघडते ते पाहायचं." मग लगेच, "साताऱ्याचे ना तुम्ही? कंदी पेढे कुठल्या दुकानातले चांगले?"

मी आमच्या घरी वर्षानुवर्षं ज्या दुकानातून पेढे येतात त्याचं नाव सांगितलं.

"दुसऱ्या दुकानातले खाल्लेत?"

"नाही सर."

"मग हे मत नव्हे. ही सवय आहे."

मला वाटलं, गेली नोकरी. कोट परत करायचा आणि कचेरीत कारकुनी शोधायची. पण सर प्राचार्यांना म्हणाले, "घ्या यांना. यांना काही येत नाही हे यांना ठाऊक आहे." आजही मुलं विचारतात, बाबा तुम्ही कशाच्या जोरावर लागलात, तेव्हा मी हे प्रशस्तिपत्र तोंडपाठ म्हणून दाखवतो. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे काय हेही त्यांना सांगावं लागतं. मुलांना प्रयोग करून दाखवायचा, आणि तो आपल्याला जमला नाही की मुलांनी आपल्याला करून दाखवायचा. मी दुसऱ्या प्रकारात जास्त रमलो.

सरांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा: पंक्तिप्रपंच. आपल्याकडे पंगतीत एकाला तूप वाढून शेजारच्याला नुसता वरणभात वाढला तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि पाप मानतात. सरांच्या मते सगळं विज्ञान या एका शब्दात होतं. "दोन वस्तूंची तुलना करायची ना? मग दोघींना एकाच पंगतीला बसवा. एकीला जे, ते दुसरीला. वाढणाऱ्यानं पंक्तिप्रपंच केला की निकाल खोटा."

हे प्रयोगशाळेपुरतं असतं तर ठीक होतं. पण कृष्णाकाठची वांगी दोन विक्रेत्यांकडून आली की काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, ती दोन पातेल्यांत शिजवावी लागायची: तेल तेवढंच, मीठ तेवढंच, चूल तीच. मी जेवायला असलो की माझ्या पानात डावीकडे एक भाजी आणि उजवीकडे दुसरी. मी दोन्ही संपवायचो आणि दोन्ही छान म्हणायचो. सर निराश व्हायचे. "अहो, तुम्ही जेवता. चाखत नाही."

काकू वाईच्या. बोलणं मऊ, पण टोक असलेलं. एकदा त्या मला म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला कधी काही एकटीला मिळालेलं नाही रे. मला लुगडं आणलं की तस्संच मेढ्याला वन्संना. मला छत्री, तर वन्संना छत्री. मागे माझी दाढ काढली, तर वन्संना पत्र घातलं: तुझ्या दाढा दाखवून घे."

"मग? दाखवायला नको?" आतून सर म्हणाले.

आता त्या काचेबद्दल सांगतो, कारण सर म्हणजे ती काच.

लेसर हा शब्द तेव्हा सांगलीत आमच्या विभागाबाहेर फारसा कुणाला माहीत नव्हता, आणि विभागातही आम्ही तो जपूनच वापरायचो. सरांनी तो मला काकूंच्या स्वयंपाकघरात समजावला. "काच म्हणजे डाळ. तिच्यात निओडिमियम नावाच्या धातूची पूड चिमूटभर घालायची. ती म्हणजे हिंग. काच नुसती असली तर काही होत नाही. हिंग पडलं, वरून झगझगीत उजेडाची फोडणी दिली, दोन्ही बाजूंना नीट आरसे धरले, की त्या काचेतून असा किरण निघतो की पोलादाला भोक पडेल. आता प्रश्न असा, की हिंग तेच, तर ते तुरीच्या डाळीत जास्त खुलतं की मुगाच्या?"

तूर म्हणजे सिलिकेटची काच, वाळूपासून केलेली. मूग म्हणजे फॉस्फेटची. सरांनी दोन्ही प्रकारच्या काचा कॉलेजच्या भट्टीत स्वतः वितळवल्या. किती वेळा तडकल्या, किती वेळा आत बुडबुडे राहिले, किती वेळा रबडी झाली, ते विचारू नका. शेवटी करंगळीएवढ्या दोन कांड्या हाती लागल्या. दोघींचा रंग सारखाच, जांभळट, कारळ्याच्या चटणीवर तेल सोडल्यावर जसा उगाच भास होतो तसा. काकूंनी त्यांची नावं ठेवली. सिलिकेटची ती थोरली, फॉस्फेटची ती धाकटी.

नावं अगदी बरोबर होती. थोरली सोशिक. धुवा, पुसा, उन्हात ठेवा, तक्रार नाही. धाकटी नाजूक. हवेतला ओलावा लागला की हिच्या तोंडावर साय धरायची. तिला झाकणाच्या बरणीत, ओल शोषणाऱ्या खड्यांवर ठेवावं लागे. थोरलीला त्याची काहीच गरज नव्हती, पण तिलाही त्याच बरणीत, त्याच खड्यांवर. का, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

या काचेची एक गंमत होती. उन्हात ती जांभळी दिसायची आणि ट्यूबलाइटखाली निळसर. काकूंना तो रंग फार आवडला, तेव्हा सर कांडी घेऊन कापडदुकानात गेले. दुकानाच्या पायरीवर उन्हात उभं राहून म्हणाले, "या रंगाचं दाखवा." दुकानदारानं कांडी आत नेली, ट्यूबखाली धरली आणि निळ्या लुगड्यांचा ढीग घातला.

"अहो, जांभळं!"

"मास्तर, ही जांभळी? डोळं तपासा."

"बाहेर या."

दुकानदार बाहेर आला. जांभळी. आत गेला. निळी. पुन्हा बाहेर. बघता बघता पायरीवर गर्दी जमली, आणि दुकानदार कांडी घेऊन उंबऱ्यावर आतबाहेर करताना दिसू लागला. शेवटी तो म्हणाला, "मास्तर, तुमचंबी खरं, माझंबी खरं. घ्या एक जांभळं, एक निळं." सरांनी दोन जांभळी घेतली. दुसरं मेढ्याला गेलं.

त्या दिवसापासून सरांना नवा प्रश्न मिळाला. कुणी म्हटलं, अमका माणूस फार चांगला, की सर विचारायचे, "कोणत्या उजेडात?" अमका अगदी वाईट. "कोणत्या उजेडात?" माझ्या लग्नाचं ठरत होतं तेव्हा त्यांनी माझ्या सासऱ्यांना माझ्यादेखत सांगितलं, "मुलगा चांगला आहे. पण संध्याकाळच्या उजेडात बघा. सकाळी झोपेत असतो." सासऱ्यांनी संध्याकाळी येऊन पाहिलं, म्हणून माझं लग्न झालं.

सरांनी दोन्ही कांड्यांची जमेल तेवढी तुलना केली. उजेड किती पितात, किती वेळ चमकतात, उष्णतेनं किती फुगतात. पण खरी गोष्ट राहिलीच होती. किरण. आमच्याकडे ना तो झगझगीत दिवा, ना ते आरसे. पत्रिका जुळवून झाल्या होत्या, पण मुलींना कुणी पाहिलंच नव्हतं. सर कधी बोलायचे नाहीत. एकदाच, कांडी उन्हात धरून म्हणाले, "एकदा हिच्यातून निघावा, एवढंच. मग रिटायर करा मला."

"हिच्यातून म्हणजे कुणाच्यातून?" काकूंनी विचारलं.

"दोघींच्यातून," सर घाईनं म्हणाले. पण हातात धाकटी होती. पुस्तकं, पाहुणे प्राध्यापक, सगळे थोरलीच्या बाजूचे. काचेचं नाव काढलं की सिलिकेट. धाकटीच्या बाजूला कुणीच नव्हतं. ती बरणी पुसताना सरांचा हात एका बाजूला जरा जास्त रेंगाळतो, हे काकूंनी मला आधीच दाखवून ठेवलं होतं.

मग संपतचा निरोप आला. संपत सरांचा जुना विद्यार्थी, कोरेगावकडचा, घरी ऊस, थोरला भाऊ पलटणीत. तो मुंबईला एका प्रयोगशाळेत लागला होता. तिथला एक जुना लेसर मोडीत निघाला होता, त्याचा दिवा, आरसे आणि वीज साठवायची पेटी साहेबांच्या परवानगीनं घेऊन तो दसऱ्याला गावी येणार होता. दसऱ्याच्या दिवशी सांगलीला येईन, संध्याकाळच्या गाडीनं परत, कारण सामान लगेच मुंबईला जमा करायचं आहे. म्हणजे एक दुपार. सरांना सगळ्या आयुष्यात मिळणारी एकच दुपार.

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी असते खंडेनवमी.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा. आमच्याकडे शस्त्रं म्हणजे व्हर्नियर, स्क्रू ड्रायव्हर, मीटरपट्टी, काकूंची विळी आणि शिवणयंत्र. कॉलेज बंद, त्यामुळे पूजा सरांच्या घरी. मी पाटावर सगळं मांडलं, झेंडू ठेवले. सरांनी बरणी उघडून दोघी कांड्या स्वतः पाटावर ठेवल्या आणि बजावलं, "यांना फक्त अक्षता. पाणी नाही. गंध नाही. नुसत्या कोरड्या अक्षता."

काकूंच्या एका हातात पळी होती. शेजारी ताम्हनात देवांची आंघोळ चालली होती. बाळकृष्ण झाला, अन्नपूर्णा झाली, आणि वर्षानुवर्षांचा हात पुढच्या वस्तूकडे आपोआप गेला. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं त्या कांडीवर गेलं.

"अगं बाई!" काकूंच्या हातून पळी खाली पडली.

"कोण ती?" सरांचा आवाज बदलला होता. "थोरली की धाकटी?"

मी वाकून पाहिलं. "थोरली, सर."

आम्ही तिघांनीही श्वास सोडला. थोरली! तिला काय होतंय. काकूंनी ती धुतली, पदरानं पुसली, जशीच्या तशी लख्ख. "देवानं वाचवलं," काकू म्हणाल्या.

सर मात्र हसत नव्हते. ते पाटाकडे बघत उभे होते. अर्धं डोकं जवानाचं आणि अर्धं नटाचं असताना जो चेहरा होता, तोच.

"एकीला पंचामृत मिळालं," ते हळूच म्हणाले. "दुसरीला नाही."

"सर," मी म्हटलं. मला पुढचं दिसायला लागलं होतं.

"अहो, नको हं," काकू म्हणाल्या. "अहो, ती विरघळेल!"

"उद्या थोरली कमी पडली तर? लोक म्हणतील, तिला आदल्या दिवशी दह्यादुधात बुडवलं होतं, म्हणून. उत्तर आहे तुमच्याकडे?"

"लोक कोण? सांगलीत कुणाला ठाऊक आहे?"

"मला ठाऊक आहे ना."

आणि सरांनी धाकटी उचलली, दुसऱ्या हातानं पळी घेतली, आणि जिच्यासाठी इतकी वर्षं बरणी सांभाळली तिला स्वतःच्या हातानं पंचामृताची आंघोळ घातली. दूध, दही, तूप, मध, साखर. वर शुद्धोदक. आयुष्यात मी पुष्कळ पूजा पाहिल्या. एवढी निष्ठेची आणि एवढी भयंकर दुसरी नाही.

पुसल्यावर धाकटीची दोन्ही टोकं, जिथून किरण निघायचा, दुधाळ झाली होती. बोटाला चिकटत होती. काकू पाटाशीच बसून राहिल्या. "माझ्या हातानं झालं," एवढंच म्हणत होत्या.

"तुमच्या हातानं थोरलीचं झालं. धाकटीचं माझ्या," सर म्हणाले. "उठा. पुन्हा घासायची."

"धाकटी?" मी विचारलं.

सरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी निमूटपणे दोघींचं सामान मांडलं. डांबराच्या थराची तबकडी, पॉलिशची तांबडी पूड, आणि धाकटीला पाणी चालत नाही म्हणून रॉकेल. थोरलीलाही रॉकेल. आम्ही तिघं आळीपाळीनं घासायला बसलो. वेळ सारखा पडावा म्हणून काकू एक स्तोत्र म्हणायच्या: ते संपेपर्यंत थोरली, पुन्हा तेच संपेपर्यंत धाकटी. धाकटीच्या वेळी त्यांची चाल जरा लांबते असं मला वाटलं. सरांनाही वाटलं असावं, कारण ते मध्येच म्हणाले, "ताल सांभाळा." दुसऱ्या दिवशी सकाळी मीठ टाकलेल्या ज्योतीच्या पिवळ्या उजेडात सरांनी टोकं तपासली आणि मान हलवली. आमचे तिघांचेही हात मेंदी लावल्यासारखे तांबडे झाले होते.

दुपारी संपत आला. थोरल्या भावाची पलटणीतली काळी ट्रंक एस्टीच्या टपावरून उतरवून, डोक्यावर घेऊन.

"लय छळलं ह्या ट्रंकेनं, सर. कंडक्टर इचारतोय, पावनं, रुखवत हाय का? म्हनलं, व्हय, सांगलीच्या दोन पोरी बघायला निगालोय." मग आमच्या हातांकडे बघून, "आवं, लगीन तुमच्यातच लागलं जनू!" पंचामृताची हकिकत ऐकली तेव्हा तो डोकं धरून ओट्यावर बसला. "सर, तुमी धन्य हाय. फॉस्पेट आमी उसाला घालतो गड्या, पर दह्यात न्हाई घालत."

माजघरात यंत्र जुळलं. मग संपत कपाळाला हात लावून म्हणाला, "काळा कागूद गावाकडंच ऱ्हायला." तो किरण डोळ्याला दिसत नाही, काळ्या कागदावर जळका डाग पडला तरच तो निघाला म्हणायचं. दसऱ्याची दुकानं बंद. काकू उठल्या. निरांजनावर वाटी धरून काजळ काढलं आणि ते आपट्याच्या पानांना माखलं. "हे चालेल का?"

"पळंल," संपत म्हणाला. "आता समद्यांनी भितीकडं तोंड करून बसा. डोळ्यात गेलं तर आंधळं व्हाल. सर, तुमीबी."

"मीही?"

"तुमीबी."

इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, त्या क्षणी सर भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या मुलासारखे माझ्या आणि काकूंच्या मध्ये मांडी घालून बसले होते.

चिठ्ठी टाकली, थोरलीचं नाव निघालं. मागे यंत्र गुणगुणलं आणि भिंत लख्ख पांढरी झाली. आमच्या तिघांच्या सावल्या उमटून गेल्या. संपतनं पान पाहिलं. काही नाही. विजेचा जोर वाढवला. लख्ख. काही नाही. आणखी वाढवला. लख्ख, आणि पानावर बारीक आवाज: टक्.

सर उठले. पान खिडकीशी नेऊन आभाळाकडे धरलं. सुईच्या टोकाएवढं भोक होतं, त्यातून उजेड येत होता. मग म्हणाले, "धाकटी."

"हिला तिसऱ्या जोरावरनंच घेतो, सर. येळ कमी हाय."

"पहिल्यापासून."

संपतनं माझ्याकडे पाहिलं आणि नवं पान लावलं. आम्ही पुन्हा भिंतीकडे. काकूंनी डोळे मिटले होते. यंत्र जेमतेम गुणगुणलं. लख्ख.

टक्.

"आयला!" संपत ओरडला. "पैल्याच घासाला! सर, पैल्याच घासाला की!"

काकूंनी तांबडे हात तोंडावर धरले. सर भिंतीकडेच बघत होते. मला फक्त त्यांचा कान दिसत होता, आणि तो लाल झाला होता.

"पुन्हा," ते म्हणाले.

"आता कशाला? चालली की ती. तापंल, तडकंल."

"थोरलीला तीन मिळाले."

दुसरा त्याच भोकातून गेला. तिसऱ्याला लख्ख उजेडाबरोबर वेगळाच आवाज आला, कपाचा कान तुटावा तसा. धाकटी मधोमध दुभंगली होती.

संपतनं दोन तुकडे हलक्या हातानं काढून सरांच्या तळहातावर ठेवले. तो म्हणाला, "मग सर, सायबाला काय सांगू? कोन चांगली?"

"कोणत्या उजेडात विचारतोस त्यावर आहे," सर म्हणाले. "पटकन पेटणारी हवी असेल तर धाकटी. रोज संसार करायचा असेल तर थोरली. तू पाहिलंस, तसंच सांग."

"मग ते धाकटीचं पान तरी द्या. तेवढाच पुरावा उरलाय."

सरांनी थोरली आणि थोरलीचं पान संपतच्या हातात दिलं. "हे ने. ही टिकेल." मग दुसरं पान, एका बारीक भोकाचं, काजळानं माखलेलं, घेऊन ते काकूंपुढे उभे राहिले.

"सोनं घ्या," म्हणाले.

काकूंनी पदर सावरून ते घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. "आणि वन्संना?"

"एकच आहे."

"मग हा पंक्तिप्रपंच झाला की हो."

"झाला," सर म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

जेवायला श्रीखंड होतं. काकूंनी आम्हाला एकेकदा वाढलं, आणि सरांच्या पानात दुसऱ्यांदा वाढलं. संपतनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी मुकाट्यानं पुरी उचलली.